भाकरीची हुंडणावळ

परदेशी राहणाऱ्या मुलीच्या बापाला कालांतराने एक खोड जडते. सकाळी वर्तमानपत्र हाती आले की अग्रलेखाच्याही आधी तो पौंडाची हुंडणावळ पाहतो. वास्तविक त्याला पौंड घ्यावयाचे नसतात आणि विकावयाचे तर नसतातच. पण ज्या गावी आपले माणूस राहते तेथे आज पाऊस आहे की ऊन, हे जसे आपण उगाचच पाहून ठेवतो, तसाच हा प्रकार. माझी मुलगी मँचेस्टरला गेल्यापासून मला ही खोड लागली. सत्तावीस वर्षे अर्थशास्त्र शिकविण्यात घालविलेल्या माणसाला ती लागावी ह्यात नवल काहीच नाही. नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. चलनांच्या क्रयशक्तीचा जो धडा मी दरसाल नव्या विद्यार्थ्यांपुढे वाचीत आलो, तो मला स्वतःला नीटसा कळलेला नव्हता. आणि तो कळला तो माझ्याच स्वयंपाकघरात, अर्थशास्त्राचे नावही जिच्या कानांवरून गेलेले नाही अशा एका बाईच्या तोंडून.

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात कुंभारी लागते. शहरातील जागेचे भाव झेपेनात, म्हणून बारा वर्षांपूर्वी मी येथे लहानसे घर बांधले. "ते तर विडी कामगारांचे गाव!" असे तेव्हा मित्र म्हणाले होते, आणि ते खोटे नव्हते. विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचे नाव धारण करणारी दहा हजार घरांची वसाहत ह्याच माळावर आहे; २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग ह्यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली. ज्या नरसय्या आडम मास्तरांनी त्या वसाहतीसाठी चळवळ केली, त्यांच्याच खटपटीने पुढे तीस हजार घरांच्या रे नगराची योजना आकाराला आली, आणि त्यांतील पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदी ह्यांनी कामगारांच्या स्वाधीन केली. दोन विरुद्ध पक्षांचे दोन पंतप्रधान ज्या माळावर येऊन गेले त्या माळावर आपण राहतो, असे मी पाहुण्यांना थोड्याशा ऐटीने सांगत असतो.

त्या पहिल्या वसाहतीतील एक बाई गेली सात वर्षे आमच्याकडे भाकऱ्या करावयास येते. सकाळी सातच्या ठोक्याला तिने परातीत पीठ घेतले की माझे वर्तमानपत्र वाचून संपेपर्यंत टोपल्यात भाकऱ्यांची चळत उभी राहते. ज्वारी आमच्याकडची असली तरी तिला पापुद्रा आणणारा हात तिचा. येथून घरी गेली की ती विड्यांच्या सुपाशी बसते. कारखान्याच्या ब्रँचमधून पाने, तंबाखू आणि दोरा आणावयाचा, पाने भिजवून कातरावयाची, विड्या वळावयाच्या, आणि हजाराच्या हिशेबाने मोजून परत द्यावयाच्या. त्यांतून ज्या नापसंत ठरतील त्यांची मेहनत गेली. भाकरीच्या कामाचे आम्ही तिला दरमहा पंधराशे रुपये देत होतो. 'देत होतो' असे मी जाणूनबुजून लिहिले आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.

२०२५ च्या मे महिन्यात मुलगी रजेवर आली ती एक प्रश्न बरोबर घेऊन आली. पुण्याच्या एका संस्थेने तिला साल सोळा लाखांची जागा देऊ केली होती. मँचेस्टरला तिला चाळीस हजार पौंड मिळत. "बाबा, तुम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ह्या दोहोंतले मोठे कोणते, ते मला सांगा," असे म्हणून तिने कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. हा हिशेब मी निर्विकार मनाने केला असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. एकुलती एक मुलगी चार तासांच्या अंतरावर यावी की सातासमुद्रापलीकडे राहावी, ह्या प्रश्नात कोणता बाप निःपक्षपाती राहील? उत्तर काय यावे हे माझ्या मनाने पेन्सिल हाती घेण्यापूर्वीच ठरविले होते.

सुदैवाने माझे शास्त्र माझ्या बाजूचे होते. त्या सुमारास पौंडाला एकशेपंधरा रुपये पडत. म्हणजे चाळीस हजार पौंडांचे शेहेचाळीस लाख होतात. पण पेढीवरील हुंडणावळ ही केवळ देशोदेशींच्या व्यापाऱ्यांची आणि सटोडियांची भाषा. त्या पैशात घरात काय येते, हे ती सांगत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात सोन्याशी बांधलेली चलने मोकाट सुटली, तेव्हा गुस्टाव कॅसेल ह्या स्वीडिश पंडिताने १९१८ साली क्रयशक्तीच्या समतेची कल्पना त्या नावाने मांडली. एकाच वस्तूंची टोपली दोन देशांत ज्या दोन रकमांना मिळते, त्या रकमांचे प्रमाण हीच त्या चलनांची खरी किंमत, असा तिचा आशय. लंडनच्या 'दि इकॉनॉमिस्ट' ह्या पत्राने १९८६ साली अर्धवट थट्टेने ह्या टोपलीत एकच वस्तू ठेवली. बिग मॅक नावाचा तो पाव जगात सर्वत्र सारखाच मिळतो, तेव्हा त्याच्या किमतीवरून चलने तोलावीत, असा तो विनोद होता. आणि विनोद असूनही तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. आमच्या देशात गोमांसाचा तो पाव मिळत नाही, म्हणून कोंबडीच्या मांसाचा महाराजा मॅक तागडीत घालावा लागतो. विद्यार्थी ह्या ठिकाणी हमखास हसतात, आणि मीही सत्तावीस वर्षे त्याच ठिकाणी थांबत आलो आहे.

गंभीरपणे हे काम करणारेही आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स ह्या त्रयीने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६८ साली देशोदेशींच्या किमती गोळा करण्याचा उद्योग आरंभिला. पहिल्या पाहणीत दहाच देश होते, आणि त्यांत आपला देश होता. २०१७ च्या पाहणीत ही संख्या १७६ वर गेली. त्या वर्षी बाजारात डॉलरला ६५.१२ रुपये पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे ते येथे सरासरीने २०.६५ रुपयांत मिळत होते. ब्रिटनच्या आकड्यांशी मेळ घातला तर तेथील एका पौंडाचे काम येथे सुमारे तीस रुपये करतात. मी कागदावर चाळीस हजारांना तिसांनी गुणिले. बारा लाख! पुण्याचे सोळा लाख मँचेस्टरच्या बारा लाखांपुढे दिमाखात उभे होते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि विजयी मुद्रेने चहा मागविला.

मुलगी मात्र कागदाकडे पाहतच राहिली. तिने माझ्या हातातील पेन्सिल घेतली आणि मागील बाजूस स्वतःची एक यादी करावयास घेतली. साधारण बऱ्यापैकी मोबाइल फोन येथे दहा हजारांना मिळतो. तिकडेही तेवढेच पडतात. सोन्याचा भाव जगभर एकच. पेट्रोल तिकडे महाग खरे, पण तिप्पट-चौपट नव्हे, दीडपटीच्या आसपास. मग हा एकशेपंधरा आणि तिसांमधला फरक येतो तरी कोठून? "केस कापणे," ती लिहू लागली. जावईबापू तेथे केस कापून घेतात त्याला तेरा पौंड पडतात, म्हणजे जवळजवळ पंधराशे रुपये. मी कुंभारीच्या नाक्यावर ऐंशी रुपये देतो. घरभाडे, रिक्षा, इस्त्री, नळ दुरुस्त करणारा, शिकवणी, मुलांना सांभाळणारी बाई. यादी लांबत गेली, आणि ती जसजशी लांबत गेली तसतसे एक लक्षण स्पष्ट होऊ लागले. जेथे वस्तू होती तेथे दोन्ही देश जवळ येत होते. जेथे माणसाचा हात होता तेथे ते दूर जात होते.

भाकऱ्या करणारी बाई हे सारे ऐकत होती. आमचे संभाषण तिला कितपत कळत होते कोण जाणे. पण 'किती पडतात' आणि 'काय मिळते' हे शब्द सर्वांनाच कळतात. तवा उतरवून तिने हात पुसले आणि विचारले, "ताई, तिकडं भाकरी करनारनीला काय देत्यात?"

मुलगी हसली. "मावशी, तिकडे घरी येऊन कुणी स्वयंपाक करून देईल, हे आम्हांला परवडतच नाही. कुणालाही कामावर ठेवायचे तर तासाला बारा पौंडांच्या वरच द्यावे लागतात, तसा कायदाच आहे. आपले चौदाशे रुपये."

"म्हैन्याला?"

"नाही, तासाला."

बाई काही वेळ गप्प राहिली. मला वाटले की ती आता स्वतःचे पंधराशे आणि ते चौदाशे ह्यांची तुलना करील, आणि मी मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. पण तिचे मन निराळ्याच वाटेने गेले होते.

"मंग भाकरी कोन करतंय?"

"मीच करते."

"आन् भांडी? फरशी?"

"तीही मीच. संडाससुद्धा."

बाईचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी तिकडं तुमी माज्यावानीच की, ताई!" असे म्हणून ती खळखळून हसली, आणि मुलगीही हसली. मी मात्र हसलो नाही. माझ्या बारा लाखांच्या गणितात कोठे तरी एक मोठा आकडा मी धरावयाचा विसरलो आहे, असे मला त्या क्षणी वाटले.

तो आकडा कोणता, हे मला त्या रात्री उमगले. पुस्तकांत त्याचे स्पष्टीकरण आहेच. बेला बलास्सा आणि पॉल सॅम्युएल्सन ह्या दोघांनी १९६४ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ते दिले. न्हाव्याची कात्री मँचेस्टरला काही अधिक वेगाने चालत नाही; पण तेथील कारखान्यांत एक मजूर पुष्कळ अधिक माल काढतो, त्याला त्या मानाने मजुरी मिळते, आणि न्हाव्यालाही तेवढी दिली नाही तर तो कात्री टाकून कारखान्यात जाईल. मुंबईत जन्मलेल्या जगदीश भगवतींनी १९८४ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला, की गरीब देशांत सेवा स्वस्त का असतात? त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की तेथे भांडवल थोडे आणि माणसे फार, म्हणून माणसाच्या श्रमाला मोल कमी. हे सर्व मी शिकवीत आलो आहे आणि त्यावर प्रश्नही काढीत आलो आहे. फक्त त्या वाक्याची दुसरी बाजू मी कधी उलटून पाहिली नव्हती. 'येथे जगणे स्वस्त आहे' आणि 'येथे माणसे स्वस्त आहेत' ही दोन वाक्ये पुष्कळ अंशी एकच आहेत. रुपयाची जी वाढीव क्रयशक्ती मी माझ्या बाजूने मांडली होती, ती बहुतांशी दुसऱ्याचा दिवस विकत घेण्याची शक्ती होती.

कॅसेलचा सिद्धान्त सांगतो की वस्तूंना सरहद्द ओलांडता आली की त्यांचे भाव जवळ येतात. फोन सरहद्द ओलांडतो, सोने ओलांडते, तेल ओलांडते. माझ्या मुलीचे शिक्षणही व्हिसाच्या शिक्क्यानिशी ओलांडून गेले, आणि त्याला तिकडचा भाव मिळाला. भाकरी थापणारा हात मात्र कुंभारीतच राहतो, आणि त्याला कुंभारीचाच भाव मिळतो.

पण हे येथेच संपले असते तर मी स्वतःचे समाधान करून घेतले असते. कारण अशा वेळी आम्ही सुशिक्षित मंडळी एक युक्तिवाद नेहमी तयार ठेवतो. तिची मिळकत थोडी आहे खरी, पण तिच्यासाठी सर्व वस्तूही स्वस्तच नाहीत काय? ह्या युक्तिवादाचे वय फार आहे. दादाभाई नौरोजी हेही प्राध्यापकच, एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे. १८७६ साली 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' हा निबंध वाचताना त्यांनी ह्या देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले. पण त्या रुपयांचे पौंड करून ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याला आणि परमुलखी पाठविल्या जाणाऱ्या मजुराला जो शिधा मिळतो त्याची येथल्याच बाजारभावाने किंमत करून, सामान्य माणसाचे उत्पन्न तेवढ्यालाही पुरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आमच्या सोलापुरातही १९२५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. ह्या दोन्ही उद्योगांतील शहाणपण एकच. माणसाची मिळकत परक्या देशाशी ताडून पाहण्याआधी ती त्याच्या स्वतःच्या गरजेशी ताडून पाहावी.

आमच्या बाईच्या गरजांची टोपली मी मग मनाशी भरून पाहिली. ज्वारी, भाजी आणि वसाहतीतील घर ह्यांच्यापुढे तिचा रुपया ताठ उभा राहतो. पण २०२० साली शाळा बंद पडून अभ्यास फोनवर आला, तेव्हा तिच्या मुलासाठी घ्यावा लागलेला फोन जगाच्या भावाने आला. भाकऱ्यांच्या मिळकतीचे ते सहा-सात महिने होते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि कुंभारीच्या किराणा दुकानात सूर्यफुलाचे तेल महागले. लेकीच्या लग्नासाठी घ्यावयाचे सोने तर लंडन आणि सोलापूर असा भेद मुळी ओळखतच नाही. तिला दुसऱ्याच्या श्रमाची जरूर क्वचितच पडते, कारण ते सारे श्रम ती स्वतःच करते. आणि जे तिला बाहेरून विकत आणावे लागते त्यातील बरेचसे सरहद्द ओलांडून येते. म्हणजे रुपया मोठा होतो तो माझ्या हातात. तिच्या हातात तोच रुपया पुष्कळसा हुंडणावळीएवढाच राहतो. सरासरीच्या त्या २०.६५ च्या आकड्यात आम्ही दोघेही आहोत. पण त्या आकड्याची सावली माझ्या अंगावर पडते आणि ऊन तिच्या.

ह्याचा अर्थ ते कोष्टक खोटे आहे असा नव्हे. त्याच्यावाचून गरीब देशांची गरिबी आहे त्याहूनही भयंकर दिसेल, आणि जगातील दारिद्र्याची मोजदादही अशक्य होईल. २०२५ च्या जूनमध्ये जागतिक बँकेने अत्यंत दारिद्र्याची रेषा दिवसाला तीन डॉलर अशी ठरविली, ती ह्याच क्रयशक्तीच्या मापाने. ते तीन डॉलर म्हणजे पेढीवर मिळणारे अडीचशे रुपये नव्हेत. येथे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी रुपये त्या रेषेला पुरतात. माप खरे आहे. ते कोणाच्या टोपलीला लावले आहे, एवढे विचारावयास आपण चुकतो.

मुलीला हे सर्व मी सांगितले नाही. सांगण्याची गरजही उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो कागद मला परत दिला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुमचा पौंड तीस रुपयांचा होतो, तो मावशींना पंधराशे मिळतात म्हणून. मी आले तर मलाही एक मावशी लागेल, आणि मीही पंधराशेच देईन. सगळेच देतात." त्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

त्या महिन्यापासून आम्ही बाईला अडीच हजार देतो. ह्यात औदार्य काही नाही. हा निर्णय घेताना माझ्या मनात प्रथम आलेला विचार असा, की शेजारचे लोक म्हणतील, ह्या प्राध्यापकाने गावातला भाव चढवून ठेवला. ते तसे म्हणालेही. बाईने पैसे मोजून घेतले, कनवटीला लावले, आणि आभार न मानता विचारले, "चुकून तर न्हाई ना दिलं, सर?" माझ्या घरापुरती रुपयाची क्रयशक्ती त्या दिवशी हजार रुपयांनी उतरली, अर्थशास्त्रज्ञ ह्याला महागाई म्हणतील.

मुलगी परत गेली ती बाईने करून दिलेल्या कडक भाकऱ्यांची चळत घेऊन. आठ दिवसांनी तिने फोनवर एक चित्र पाठविले. तेथील हिंदी मालाच्या दुकानात सहा कडक भाकऱ्यांचे पाकीट ठेवलेले होते, आणि त्यावर किंमत होती चार पौंड. मी ते चित्र बाईला दाखविले आणि सांगितले, चारशे साठ रुपये. तिने बोटांवर हिशेब केला. एका भाकरीचे पाऊणशेच्या वर होतात, हे तिला माझ्याआधी कळले.

"ज्वारी हितलीच?" तिने विचारले.

"हो."

"करनारीन बी हितलीच असंल. मंग मधले पैशे कुनाला जात्यात, सर?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. बांधणी, जहाजाचे भाडे, जकात, दुकानाचे भाडे, दुकानातील नोकराचे तासाचे बारा पौंड, हे सर्व मी तिला एकेक करून समजावून सांगितले. तिने ते लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग परातीत पाणी घालून पीठ मळावयास बसता बसता म्हणाली, "म्हंजी करनारीन सोडून समद्यांना तिकडचा भाव."

मुलीचे अद्याप काही ठरलेले नाही. पुण्याच्या संस्थेने तिला विचारास मुदत दिली आहे. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. एका बाजूस माझे बारा लाख, दुसऱ्या बाजूस तिची यादी. पौंडाचा भाव मी अजूनही रोज पाहतो. सत्तावीस वर्षे ज्या धड्यात मी महाराजा मॅकपाशी थांबून मुलांना हसवीत आलो, तो धडा येत्या सत्रात पुन्हा शिकवावयाचा आहे, आणि ह्या खेपेस तेथे न थांबता पुढे जावे असा माझा विचार आहे. पुढे काय सांगावे हे मला बाईने सांगितलेले आहे. ते तिच्याइतक्या थोडक्या शब्दांत मला सांगता येईल की नाही, एवढीच शंका आहे.